काकूची विहीर

देवळी गावात विहिरीचं पाणी नासू नये म्हणून गटाराची पाइपलाइन आखून राह्यलो होतो, तवाची गोष्ट सांगतो. लाइन शकुंतलाकाकूच्या अंगणातून जात होती आन् काकू फाटकातच उभ्या.

"माह्या विहिरीजवळून घाण नेशीन? अर्धी गल्ली हे पाणी पिते."

मी म्हटलं, "काकू, घाण आताच विहिरीत झिरपून राह्यली असन तर?"

"दाखव मले. नाई तर इथं पाय नको ठेवजो."

मग काकूच्याच संडासात मी तपासणीचा हिरवा रंग टाकला, घाण झिरपत असन तर तो विहिरीत दिसन म्हणून, आन् विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. दोन दिवस बादलीत चांगलं पाणी निघालं. गल्लीतल्या बाया टँकरच्या रांगेतून माह्याकडं रागानं पाहत. मले वाटलं, आता आपलं काम गेलं.

तिसऱ्या दिवशी काकूनं बादली ओढली. पाणी हिरवट होतं.

काकू विहिरीच्या कठड्यावर बसल्या.

"नातीचं पोट सारखं बिघडते, ते याच्यानंच का रे?"

त्या उठल्या, फाटक सताड उघडलं आन् म्हणाल्या, "खोदाले कवा येशीन?"