आबाच्या आवाजातली मुनादी

आवाज काढनारा पोऱ्या म्हनून तुम्ही माझ्यापाशी आले, म्हंजे तुमाले वाटत असन का आता हा एखाद्या हिरोचा नाई तर नेत्याचा आवाज काढीन आन आपन पोट धरून हसू, तर तसं काई व्हनार नाई. म्या एक डाव एकच आवाज असा काढला का त्याच्यात गावाची जमीन गेली, आन तो आवाज माझ्या बापाचा व्हता.

आमचं गाव बुऱ्हानपूरहून तापीच्या पल्याड, जैनाबादच्या पुढं. आबा गावचे कोटवार, त्याइचे वडीलही कोटवारच. कोटवाराचं काम म्हंजे सरकारचं जे काई असन ते गल्लीगल्लीत वरडून सांगायचं, त्याले मुनादी म्हनतात. आबा पयले मराठीत सांगतात, मंग हिंदीत, आन मधी एकदा खाकरतात. मी शाळेत मास्तरचा आवाज करायचो, केळीच्या दलालाचा करायचो, पन आबाचा केला का माय सयपाकघरातून हो म्हने, इतका सेम. बारावी झालो, पुढं काई झालं नाई, लग्नात, गनपतीत माइक धरतो, बस.

तर पटवारी. गावाच्या जमिनीचे कागद ज्याच्या हातात तो पटवारी, आमच्या घरी बसून चहा पेनारा मानूस, मले छोटे कलाकार म्हने. एक दिवस दुपारचा आला, आबा मायले घेऊन नेपानगरले मावशीकडे गेलते. म्हने अरे यार, मुनादीची तारीख आजच हाय, नाई झाली तर तुह्या आबावरच येईन, तू त्याइच्या आवाजात म्हनून दे, मी मोबाईलमध्ये भरून घेतो, किसको क्या पता. म्या म्हटलं कशाची हाय, तर म्हने असंच, रुटीन. आन मले घेऊन गेला कुठं, तर केळीच्या मळ्यात. मोटरच्या खोलीच्या भिंतीले कागद चिकटवला, मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरला, मी मांगं उभा, म्हंजे व्हिडिओत कागद दिसन आन माझा नुसता आवाज येईन. कागदावर काय, तर अमक्या नंबरची जमीन अमक्याच्या नावावर करायची हाय, कोनाची आपत्ती, म्हंजे हरकत, असन त्यानं तहसीलमध्ये येऊन सांगावं. आता नंबरवरून मले काय समजनार का हेच आमचं चरनोई, गावाची ढोरं चरायची सरकारी जागा. बांधाच्या पलीकडंच व्हतं ते, ढोरांच्या घंट्या ऐकू येत व्हत्या.

म्या जोरात सुरू केलं तर तो म्हने हळू, अरे हळू. मुनादी आन हळू, सही में मले हसूच आलं, म्या गंमत म्हनून एकदाच्या जागी दोनदा खाकरलो. झाल्यावर त्यानं कागद उपटला, घडी करून खिशात घातला, आन मले बुऱ्हानपूरले नेऊन मावा जिलेबी चारली. काय सांगू तुमाले, म्या दोनदा मांगून घेतली.

पावसाळा झाला आन चरनोईले तार आली. पटवाऱ्याच्या साल्याची जमीन म्हने, नायब तहसीलदाराची सही, कागद पक्का. ढोरं सकाळी सवयीनं जायची आन तारेपाशी उभी रायची. गावानं वर तक्रार केली, चौकशी बसली, पटवारी आन नायब तहसीलदार, दोघायवर केस झाली, तर ते दोघं काय म्हनतात, आमची काय गलती, कोटवारानं मुनादी केली, कोनी आलंच नाई, ही त्याची सही. सही खरी व्हती. कोऱ्या पंचनाम्यावर आबाच्या सह्या पटवाऱ्याच्या थैलीत पडेलच रायत, सगळे कोटवार देतात, कोन नाई म्हनतं. मंग आबाचंही नाव केसमध्ये घातलं. गावातले लोक आमच्या दारावरून जाताना म्हनत, कोटवारानं ढोरायचा घास इकला. आबा एकच सांगत, म्या ही मुनादी केली नाई.

चौकशीवाल्या साहेबानं आबाले बलावलं, मीही गेलो. साहेबानं मोबाईलवर ती मुनादी लावली. ऐका हो ऐका. मंग खाकरनं, आन परत एकदा खाकरनं. आबानं तिथंच मान उचलली. साहेब म्हने बोला, हा आवाज कोनाचा. आबा माझ्याकडं न पाहता खाली, पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिले. मले दिसलं, हे आता माझ्यासाठी जेलमध्ये जातीन. मंग मी दारातूनच सुरू झालो, आबाच्या आवाजात, मराठीत, हिंदीत, दोन्ही खाकरन्यांसकट. टाइप करनारा बाबू हसला, साहेबही हसले, म्हने फिर से करो, म्या फिर से केलं. जिंदगीत इतका चांगला आवाज मी काढला नाई.

मंग मळ्यातलं, हळू म्हनन्याचं, जिलेबीचं, सगळं आबासमोर साहेबाले सांगितलं, आन आबाचं नाव आरोपीतून निघालं, आता ते गवाह, मीही गवाह. ते दोघं जमानतीवर बाहेर हायत, पटवारी भेटला का अजूनही छोटे कलाकार म्हनतो. तार तशीच हाय, फैसला होईपर्यंत तशीच राहीन म्हने.

चौकशीच्या त्या दिवशी आबा कचेरीच्या पायऱ्या उतरले, मले वाटलं इथंच मारतीन. तापीच्या पुलापर्यंत माझ्या पुढं पुढं चालत राहिले. मंग थांबले आन म्हने, आवाज चोरला त्याचं मले काई नाई, तो तुले लहानपनापासून येतो. जिलेबी खाल्ली त्याचंही नाई. पन नालायका, त्यानं हळू म्हटलं तवा तू हळू का झाला. माझ्या बापानं, म्या, आमी कोनीच हळू वरडलो नाई. एक डाव माझ्यासारखा वरडला असता तर बांधापलीकडं ढोरंवाले बसेल व्हते, त्याइनं ऐकलं असतं.