काबरीच्या पोटाखाली

कुसाबाई: असं तुटक नको. उठल्यापासून सांग. एकेक करून.

सिंधू: सांगितलं की, वन्सं.

कुसाबाई: मला नीट कळलं नाही. पुन्हा सांग.

सिंधू: कोंबडा आरवला तवा उठले. अंगनात सडा टाकला. चूल पेटवली, हंडा चढवला. तवर हे उठले. त्यांनी भिजवलेले हरभरे तोबऱ्यात भरले आन घोड्याच्या तोंडाला बांधले. सरुबाई दूध घालून गेली, ते मी झाकून ठेवलं. मग पीठ मळलं. दोन भाकरी झाल्या, तिसरी तव्यावर हुती. तुमी तवा तुळशीपाशी हुता.

कुसाबाई: मी कुठं होते ते मला ठाऊक आहे. पुढं.

सिंधू: पुढं काय. चहा झाला. त्यांनी बशीत ओतून घेतला. मग टांगा जोडला आन गेले स्टेशनावर, सकाळच्या गाडीला.

कुसाबाई: चहा पिणं आणि टांगा जोडणं, यांच्या मधलं तू गिळलंस.

सिंधू: मधलं काय?

कुसाबाई: डालगं. अंड्यांवरच्या काबरीला त्या टोपल्याखाली झाकून मी वर दगड ठेवते, तो चुलीच्या बाजूला असतो. सकाळी तो भिंतीच्या बाजूला होता. बोल की. तोंडात घास आहे का?

सिंधू: हे बसले हुते तिथं. डालगं जरा उचलून बघत हुते.

कुसाबाई: खंडू? तो तर अंगणातून जाताना कोंबड्यांच्या वासानं नाक धरतो. जन्मात कधी खुराड्यात वाकून बघितलं नाही त्यानं.

सिंधू: म्हनले, बदकांच्या अंड्यांचं काय हाय ते बघू. कान लावून ऐकत हुते. हात न्हाय लावला, वन्सं. खरंच.

कुसाबाई: आणि तू काय करत होतीस?

सिंधू: मी कंदील धरला हुता.

कुसाबाई: छान. एकानं कंदील धरायचा, दुसऱ्यानं कान लावायचा. आणि कोंबडी कुणाची?

सिंधू: तुमची.

कुसाबाई: एवढं ठाऊक आहे ना, मग झालं.

सिंधू: तुमची दोन पिल्लं निघाली, वन्सं. तिसऱ्या अंड्याला भोक पडलंय, चोच दिसतीया.

कुसाबाई: बघितलंय मी. रात्रीपर्यंत सगळी निघतील. माझ्या हातानं बसवलेलं अंडं वाया जात नाही.

सिंधू: बदकांना अजून आठ दिस लागत्याल.

कुसाबाई: लागू देत.

सिंधू: काबरी उद्या पिल्लं घेऊन उठंल. अंडी गार पडत्याल.

कुसाबाई: पिल्लं झाली की कोंबडी उठणारच. ती काय तुझ्या बदकांसाठी व्रत घेऊन बसलीय?

सिंधू: मी तवा म्हनले हुते. आधी बदकांची ठेवू, आठ दिसांनी कोंबडीची. म्हंजी समदी एकदम निघत्याल.

कुसाबाई: आणि मी काय म्हणाले होते?

सिंधू: म्हनला, या घरात अंडी एका दिवशी, एका हातानं बसवत्यात. मग तुमी कोळशानं खुना केल्या. तुमच्या अंड्यांवर रेघ, माझ्या अंड्यांवर फुली.

कुसाबाई: आईच्या वेळेपासून तसंच आहे. शुक्रवारी, कोऱ्या राखेवर, पदरातून आणून एका दमात ठेवायची. एकदा कोंबडी बसली की तिच्या पोटाखाली पुन्हा काही सरकवायचं नाही.

सिंधू: आमच्याकडं बदकांचं निराळं असतं.

कुसाबाई: तुमच्या नांदूरला सगळंच निराळं असतं. कळशी घे आणि पाणी आण. आणि आता डालग्याकडं जाऊ नकोस, काबरी बिथरेल.

सिंधू: जाते.

खंडेराव: अक्का, अगं तांब्याभर पाणी दे. घोडं घामानं निथळतंय आणि मीही.

कुसाबाई: आज लवकर आलास?

खंडेराव: येणार नाही तर काय. स्टेशनाबाहेर दोन मोटारी तोंड वासून उभ्या. सगळ्या सवाऱ्या त्यांनी गिळल्या. माझ्या वाट्याला एक म्हातारा, तोही अर्ध्या वाटेत उतरला. म्हणे टांग्यात पोट ढवळतं. सिंधू कुठं आहे?

कुसाबाई: पाण्याला गेलीय. माझ्या हातचं पाणी चालतं ना?

खंडेराव: झालं सुरू. पिल्लं निघाली का?

कुसाबाई: कुणाची?

खंडेराव: कुणाची म्हणजे?

कुसाबाई: माझी निघायला लागलीत. तू पहाटे ज्यांच्यासाठी कान लावून बसलास, ती नाहीत.

खंडेराव: सिंधूनं सांगितलं वाटतं.

कुसाबाई: डालग्यावरच्या दगडानं सांगितलं. तिच्याकडून तर ओढून काढावं लागलं.

खंडेराव: अक्का, नुसतं बघितलं गं. देवळालीच्या बंगल्यावरच्या इब्राहिमनं एवढ्या प्रेमानं बदकांची अंडी दिली. कोंड्याच्या डब्यात पुरून आणली मी. तिथून इथवर घोडं पायी पायी चालवलं, धक्का लागू नये म्हणून.

कुसाबाई: त्या दिवशी तुला उशीर झाला तो त्यापायी? मला म्हणालास नाल निघाला होता.

खंडेराव: म्हणालो होतो.

कुसाबाई: माझ्याशी खोटं बोललास.

खंडेराव: खरं सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?

कुसाबाई: काही नाही.

खंडेराव: तेच तर. काही न बोलता आठ दिवस घरात हिंडली असतीस. तुझं बोलणं मी खाली मान घालून ऐकतो. तुझं न बोलणं मला झेपत नाही.

कुसाबाई: तिला माहेरच्या बंधाऱ्यावरची बदकं आठवतात, म्हणून तू देवळालीहून अंडी आणलीस. मला काय आठवतं ते कधी विचारलंस?

खंडेराव: विचारतो. काय आठवतं?

कुसाबाई: काही नाही. घोड्याला पाणी दाखव जा.

खंडेराव: अक्का, बैस. तू मला आईसारखी आहेस, तुला ठाऊक आहे ते.

कुसाबाई: ते नको बोलूस. आईसारखी म्हणतात, पाया पडतात आणि दुसऱ्या खोलीत जातात. कपाळ पुसून मी या घरात परत आले तेव्हा तू दादांच्या घोड्याच्या पोटाखालून न वाकता जात होतास. मी तुला जेवू घातलं, निजवलं. त्याचं काही मागत नाही मी.

खंडेराव: मग राग कशाचा?

कुसाबाई: राग नाही. तुला सांगू? हळदीकुंकवाला मला कुणी बोलावत नाही. लग्नघरात मी मागच्या दारानं जाते. पण गल्लीत कुणालाही कोंबडी बसवायची असली की निरोप मला येतो. झुंबरबाईनं मला परवा हात धरून नेलं. सकीनाबी भिंतीवरून हाक मारते. अंड्यांना माझाच हात लागतो, खंडू. तेवढ्या एकाच कामाला. आणि दोन वर्षांपूर्वी आलेली पोर मला सांगते, असं नाही, तसं ठेवा.

खंडेराव: तिचं बरोबर होतं ना पण?

कुसाबाई: बरोबर होतं म्हणून तर ऐकवलं नाही.

खंडेराव: आता काही करता येतं का? का गेलीच ती अंडी?

कुसाबाई: येतं. पिल्लं सुकली की तिच्याखालून काढायची आणि लांब ठेवायची. त्यांची चिवचिव तिच्या कानावर जाता कामा नये. मग ती उरलेल्या अंड्यांवर बसून राहील.

खंडेराव: मग तसंच करू की.

कुसाबाई: करू की म्हणे. आणि त्या पिल्लांना ऊब कोण देणार? दाणा टिपायला कोण शिकवणार? घार आली तर पंखाखाली कोण घेणार? एकदा आईखालून काढलेलं पिल्लू आठ दिवसांनी परत नेलं तर तीच त्याला टोचून मारते. तिची बदकं जगावीत म्हणून माझी पिल्लं पोरकी करू?

खंडेराव: तसं नाही म्हणत मी.

कुसाबाई: तू काहीच म्हणत नाहीस. तू पहाटे नुसता ऐकतोस.

खंडेराव: कोंबडी तुझी, पिल्लं तुझी. तू ठरवशील ते. सिंधूला मी सांगतो, नाही निघाली तर नाही निघाली.

कुसाबाई: तू नको सांगूस.

खंडेराव: का?

कुसाबाई: तू सांगितलंस तर ती तुझ्यापाशी रडेल.

खंडेराव: बरं. नाही सांगत. दुपारच्या गाडीला जाऊन येतो. ही बघ, आलीच ती. सिंधू, कळशी जपून, उंबऱ्याशी निसरडं आहे.

सिंधू: व्हय.

कुसाबाई: तो गेला. आता बोल. तोंड का सुजलंय तुझं?

सिंधू: नळावर सकीनाबी भेटल्या. त्यांच्याकडं अंड्यांवर बसंल अशी खुडूक कोंबडी न्हाय. खालच्या आळीत बी न्हाय.

कुसाबाई: दारोदार विचारत हिंडलीस? लोक म्हणतील, नणंद घरात कोंबडीसुद्धा देत नाही.

सिंधू: कोनाला कायबी बोलले न्हाय. वन्सं, मी माझी अंडी काढून घेते. कापसात गुंडाळून पोटाशी बांधते.

कुसाबाई: आणि भाकरी कशी थापणार? पाणी कसं आणणार? आठ दिवस उताणी पडून राहणार आहेस? खुळी आहेस का?

सिंधू: खुळी तर खुळी.

कुसाबाई: एवढं काय आहे त्या बदकांत? पाण्यात डुंबतात आणि अंगणभर घाण करतात.

सिंधू: बदकांत काय न्हाय.

कुसाबाई: मग?

सिंधू: तुमी रागवाल.

कुसाबाई: मी रागावलेलीच आहे. बोल.

सिंधू: हे घरात पाय ठेवत्यात आन पयली हाक, अक्का. अक्का, पानी. अक्का, भाकरी. अक्का, धोतर कुठं हाय. धोतर मीच धुतलेलं असतं.

कुसाबाई: भाकरी तू करतेस, ते त्याला ठाऊक आहे.

सिंधू: करते मी. मागत्यात तुमच्याकडं. सांजच्याला टांग्याची घंटा वाजली की मी पदर सावरून दाराशी जाते. माझ्या बाजूनं आत जात्यात, तुमाला सांगत्यात दिवसभराचं. मोटारीवाले काय म्हनले, घोडं कुठं बुजलं. मी चुलीपाशी बसून ऐकते. दोन वर्सं ऐकतेय. मला नाटकाला नेल्यासारखं वाटतं, वन्सं. समदं दिसतं, पर मी त्यात न्हाय.

कुसाबाई: मला कधी बोलली नाहीस.

सिंधू: काय बोलू? तुमच्यावर जळते म्हनून सांगू? आज पहाटं हे म्हनले, कंदील धर. दोघं डालग्यापाशी बसलो. आतनं टकटक ऐकू आलं तसे माझ्याकडं बघून हसले. पयल्यांदा त्यांनी मला काय तरी आधी सांगितलं, तुमाला सांगायच्या आधी. आन ती टकटक तुमच्या अंड्यातली हुती.

कुसाबाई: त्याला काय कळतंय, कुठली टकटक कुणाची.

सिंधू: तेच म्हनते.

कुसाबाई: कळशी खाली ठेव. किती वेळ कमरेवर घेऊन उभी राहणार आहेस?

सिंधू: ठेवते.

कुसाबाई: डोळे पूस. आणि माळ्यावर जुनी पाटी आहे, ती काढ. तळाला भोक आहे का बघ.

सिंधू: कशाला?

कुसाबाई: सांगितलं तेवढं कर.

(दिवेलागण. न्हाणीशेजारच्या कोपऱ्यात डालगं. दोघी जमिनीवर बसलेल्या, कंदिलाची वात बारीक केलेली.)

कुसाबाई: दगड उचल. आता डालगं एका बाजूनं वर कर. थोडंसंच. या वेळी कोंबडीला कमी दिसतं, गडबड करणार नाही.

सिंधू: वन्सं, टोचंल ती तुमाला.

कुसाबाई: टोचू दे. तिचा हक्क आहे. हं, हे एक. पदर धर.

सिंधू: किती ऊन लागतंय अंगाला.

कुसाबाई: हळू. हे दुसरं. पंख सुकलेत. हे ओलं आहे अजून, राहू दे. रात्री जेवणं झाल्यावर काढीन. गप, काबरे, गप. तुझंच आहे सगळं, कुठं जात नाही.

सिंधू: ती ओरडतीया.

कुसाबाई: ओरडणारच. बोलत बसू नकोस, पदर मोकळा सोड, चेंगरतील. आता तुझी अंडी मधे घे. तुझ्या हातानं.

सिंधू: माझ्या?

कुसाबाई: माझ्या दोन्ही हातांत काबरी आहे, दिसत नाही का? फुलीची सगळी मधे, तिच्या छातीखाली. माझी जी निघायची राहिलीत ती कडेला. घाई नको. हं. आता बसते बघ ती.

सिंधू: बसली.

कुसाबाई: झाक. दगड चुलीच्या बाजूला ठेव.

सिंधू: पिल्लं कुठं न्यायची?

कुसाबाई: माझ्या खोलीत. मागल्या बाजूला आहे, तिथून आवाज यायचा नाही. पाटीत माझी घोंगडी घातलीय. गरम पाण्याचा तांब्या फडक्यात गुंडाळून मधे ठेवते.

सिंधू: तुमी काय पांघरणार?

कुसाबाई: ते मी बघते.

सिंधू: वन्सं, जगत्याल का ही?

कुसाबाई: सगळी नाही जगणार. दोन-चार जगतील.

सिंधू: मग राहू द्या. अजून ठेवता येत्यात परत तिच्याखाली. मला नकोत बदकं.

कुसाबाई: आता पुण्यवान होऊ नकोस. तुझ्यावर लोभ जडला म्हणून करत नाही मी. पहाटे तुम्ही दोघं इथं बसला होतात, ते अजून माझ्या घशात अडकलंय. उद्याही अडकलेलं असेल.

सिंधू: मग का करता?

कुसाबाई: चूक माझी होती म्हणून. बाकी काही विचारू नकोस. ज्वारी भरडून ठेव, पिठासारखी नको, कण्या राहू देत. परवापासून लागेल यांना.

सिंधू: व्हय.

कुसाबाई: आणि बदकं निघाली की माझ्या ओट्यावर सोडायची नाहीत. आधीच सांगते. पाण्याचं घमेलं न्हाणीत. टांगा आला वाटतं. पाटी दे इकडं. दार लोटून घे माझ्या मागं.

सिंधू: यांना काय सांगू?

कुसाबाई: त्याला डोळे आहेत.

खंडेराव: अक्का, आज मजा झाली, मोटार बंद पडली आणि सगळ्या सवाऱ्या… सिंधू, अक्का कुठं गेली?

सिंधू: खोलीत.

खंडेराव: काबरी तर बसलीय अजून. आणि पिल्लं? अक्का, दार का लावलंस? बाहेर ये, जेवायला बसू.

कुसाबाई: तुम्ही दोघं जेवून घ्या. दार उघडलं की यांना वारा लागतो.