खाली आहेत

मी खाली सही करणारी, वय वर्षे बावन्न, धंदा घरबसल्या शर्टांना काजे-बटणे करणे, राहणार सध्या थोरल्या दिरांकडे, पहिला मजला, गॅलरीची खोली. त्याआधी राहणार त्या गॅलरीतून समोर दिसायचे ते घर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

माझे यजमान वजनकाटे दुरुस्त करीत. गल्लीत त्यांना काटेवाले म्हणत. आम्ही त्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि त्यांचे दुकान त्याच घराच्या तळघरात होते. फुटपाथवरून अरुंद पायऱ्या उतरून आत जावे लागे. फुटपाथच्या पातळीला एक जाळीची खिडकी होती, तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. हे पायांवरून गिऱ्हाईक ओळखत. चपला बघून कळते कोण घासाघीस करणार, असे म्हणत.

दुकानाला पाटी नव्हती. काटा घेऊन आलेला माणूस फुटपाथवर उभा राही आणि वर आमच्या खिडकीकडे बघून विचारी, "आहेत का खाली?" कारण जड काटा घेऊन त्या पायऱ्या उतरायच्या आणि दार बंद बघून परत चढायच्या, हे कोणालाच नको असे. मी हातातले काम न सोडता वरून सांगे, "हो, खाली आहेत." लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला या घरातले पहिले काम हेच दिले. तेव्हा खाली सासरे असत. पुढे हे बसू लागले. उत्तर बदलले नाही. झोपेत विचारले असते तरी मी तेच दिले असते.

गल्लीची समोरची बाजू आधी गेली. तिथली घरे पाडून बँकेची इमारत आली, खाली बँक आणि वर कचेऱ्या, सगळी काचेची. आमच्या स्वयंपाकघरात जन्मात कधी ऊन येत नव्हते. ती काच बसल्यापासून दुपारी समोरून ऊन परतून आमच्या ओट्यावर येऊ लागले. हे म्हणाले, "बघ, बँकेनं काहीतरी फुकट दिलं." मी ओट्यावर तिखट-मीठ वाळत ठेवू लागले. मग आमच्या बाजूची पाळी आली. त्याच बँकेला आणखी कचेऱ्या बांधायच्या होत्या. आम्हाला दुसरी जागा मिळणार आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकीचे बिऱ्हाडकरू आमच्या आधी गेले. आम्ही शेवटी निघालो आणि जागा मिळेपर्यंत दिरांकडे आलो. दिरांची इमारत गल्लीच्या टोकाला आडवी आहे आणि आमचे घर टोकाचे होते, म्हणून गॅलरीत उभे राहिले की ते अगदी समोर येई. सुरुवातीला मी तिकडे पाठ करून कपडे वाळत घालत असे. नंतर सवय झाली.

पाडकामावर देखरेख करणारा मुलगा तिशीच्या आतला आहे. त्याच्या डोक्यावर पिवळे हेल्मेट असे, म्हणून हे त्याला पिवळी टोपी म्हणत. तो वागायला चांगला होता. आमच्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नाही, सामान हलवताना आमच्या कपाटाला त्याने स्वतः खांदा दिला. आम्ही घर सोडायच्या आधी एका रविवारी तो बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन दुकानात आला होता. मुलीचे वजन करून हवे होते. यांनी तिला चादरीत घालून काट्याला लावले आणि त्याच्या बायकोला म्हणाले, "हात काढा, नाहीतर पोर उगाच वजनदार ठरेल." ती दोघे हसली. मुलीला झोप लागली होती. वजन किती भरले ते मला आठवत नाही.

घर सोडल्यावर आत जायचे नाही, असे आम्हाला बजावले होते. तरी हे रोज सकाळी जात. एक दिवस पक्कड-हातोड्या, एक दिवस स्टूल, एक दिवस बल्बचा होल्डर, असे एकेक आणत. मी म्हटले, "अहो, एकदाच हातगाडी करून सगळं का आणत नाही?" ते म्हणाले, "हातगाडी केली तर एका दिवसात संपेल." पिवळी टोपी दिसला की हे त्याला सांगून आत जात. तो, "लवकर या हं काका," एवढेच म्हणे.

मंगळवारी सकाळी हे नेहमीसारखे गेले. छताचा हुक काढायचा आहे म्हणाले, ज्याला सासऱ्यांच्या वेळेपासून मोठा काटा टांगलेला असे. मी विचारले, दिरांच्या खोलीत हुक कुठे लावणार. त्यांनी टॉर्च घेतली आणि गेले. घराची वीज आधीच तोडलेली होती. शेजारचे घर पाडल्यापासून धूळ फार येई आणि यांना खोकला होता, म्हणून ते आत गेल्यावर तळघराचे दार ओढून घेत. कुलूपही आत नेत, बाहेर ठेवले तर कोणी उचलील म्हणून. पिवळी टोपी त्या वेळी गल्लीत नव्हता, तो मागून आला. हे मी गॅलरीतून पाहिले आहे.

मी कपडे वाळत घालत होते. पाडकामाचे मशीन शेजारच्या मोकळ्या जागेतून आमच्या घराकडे वळवले होते आणि त्याचा आवाज चालू होता. पिवळी टोपी घराच्या दारातून बाहेर आला. वरच्या खोल्या बघून आला असावा, पायांना पांढरे लागले होते. फुटपाथवर उभे राहून त्याने मान वर केली आणि मला मोठ्याने विचारले, "मावशी, खाली आहेत ना?"

माझ्या तोंडात चिमटा होता. तो मी काढला आणि सांगितले, "हो, खाली आहेत."

त्याने हात वर करून बरे म्हटल्यासारखे केले. आता हा उतरून यांना हाक मारील, असे मला वाटले. दोघे मिळून वर येतील म्हणून मी आत जाऊन तिघांचा चहा टाकला. चहा उकळला तेव्हा आवाज आला. पाडकामाचे आवाज आम्हाला रोजचे झाले होते, म्हणून मी आधी चहा गाळला. मग गॅलरीत गेले. धुतलेले सगळे कपडे धुळीने माखले होते. हे पुन्हा धुवावे लागणार, असे माझ्या मनात आले. हा विचार आधी आला, हे मला सांगायचे आहे.

मग समोर बघितले. आमच्या घराची दुकानाकडची बाजू खाली बसली होती आणि जाळीची खिडकी दिसत नव्हती. मी वरून ओरडले की हे आत आहेत. किती वेळा ओरडले ते माहीत नाही. पिवळी टोपीला ऐकू गेले तेव्हा त्याने हेल्मेट काढून टाकले आणि हाताने विटा उपसायला लागला. मशीनवाल्याने त्याला धरून बाजूला केले. अग्निशमन दलाची माणसे आली. दुपारी यांना वर आणले. टॉर्च त्यांच्या हातात होती आणि चालू होती. ती कोणीतरी बंद करून मला दिली.

पिवळी टोपी फुटपाथच्या कडेला बसला होता. त्याची बोटे फुटली होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, मी विचारलं होतं ना? तुम्हीच सांगितलंत ना, खाली आहेत म्हणून?" तेव्हा मला कळले की त्याने खोल्या विचारल्या होत्या. सगळ्या खोल्या खाली आहेत ना, म्हणजे रिकाम्या आहेत ना, असे त्याला विचारायचे होते. त्यानंतर त्याला पोलिसांनी आणले आणि तो अजून येथेच आहे, असे मला समजले आहे. सकाळी येथे येताना त्याची बायको मुलीला घेऊन बाकावर बसलेली दिसली. तिने मला ओळखले.

माझे दीर मला म्हणाले, "तू काही बोललीच नाहीस असं सांग. मशीनच्या आवाजात तुला ऐकूच आलं नाही. तुझं उत्तर कागदावर आलं की ते सगळे सुटले, आणि माझा भाऊ फुकट गेला." भाऊजी वडीलधारे आहेत, त्यांनी आम्हाला थारा दिला आहे, आणि ते यांना कडेवर घेऊन फिरलेले आहेत. त्यांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. त्यांना मी सांगितले की मला ऐकू आले होते. कालपासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

काल बांधकाम कंपनीकडून एक गृहस्थ आले. त्यांनी टाईप केलेला कागद आणला होता. इमारत पूर्ण रिकामी असल्याचे मी स्वतः सांगितले, असे त्यात लिहिले होते. मी म्हटले, मी रिकामी हा शब्द बोलले नाही. ते म्हणाले, "ताई, खाली म्हणजे तेच ना? अर्थ एकच." मी म्हटले, आमच्या घरी नव्हता. कागद त्यांना परत दिला.

हवालदारांनी विचारले की, "खाली आहेत" म्हणजे कोण खाली आहेत. मी सांगितले, हे. त्यांनी विचारले, तसे बोललात का. मी सांगितले, नाही. आमच्याकडे तसे बोलावे लागत नसे. खाली एकच माणूस असे. त्याने "खोल्या" म्हटले नाही आणि मी "हे" म्हटले नाही. मी एक अक्षर बोलले असते तर तो खाली उतरला असता. तोही पायऱ्या उतरून दार ढकलून बघता तर हे त्याला दिसले असते. त्याने बघायला हवे होते. ही दोन्ही वाक्ये जबाबात असावीत, एक काढून दुसरे ठेवू नये, असे माझे म्हणणे आहे.

माझा कोणावर संशय आहे काय, असे विचारले. नाही. त्या मुलाचा मला राग आला पाहिजे असे घरात सगळे म्हणतात. तो अजून आलेला नाही. रडूही आलेले नाही. जेवण जाते, त्याची लाज वाटते. त्या मुलाने मुद्दाम केले नाही आणि मला फसवलेही नाही. माणूस विचारतो तसे विचारले. मी रोज सांगते तसे सांगितले. दिवसभर गॅलरीत कोणी ना कोणी काहीतरी विचारते, दूधवाला, इस्त्रीवाला. मी आता उत्तर देत नाही, आत जाते.

लिहिताना हवालदारांनी आधी माझ्या उत्तराच्या जागी "रिकाम्या आहेत" असे घातले होते. वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना विनंती केली की घोटाळा झाला आहे तो तसाच लिहावा. वर एका ठिकाणी खाडाखोड दिसते ती त्यामुळे आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. वाचून झाल्यावर हवालदार म्हणाले, "बाई, आता खाली सही करा." मी विचारले, "कुठे?" त्यांनी कागदावर बोट ठेवून जागा दाखवली. तेथे केली आहे.