आकडा बोलेल त्याची पाठ

दोन हजार पंचवीसची दिवाळी सरली, इथं आयर्लंडात, स्लायगोत पानगळ लागली, आणि तेव्हापासून आमची नात आमची राहिली नाही, याला काय म्हणायचं? तुम्हाला सांगतो, मुलगी अस्मिता इथं डॉक्टर, म्हणून मी आलो, तर तिचा सासराही येऊन बसलेला. नंदकुमार. ते प्रोफेसर, मी बार्शीच्या आडतीवरचा मापाडी, चौथी पास. शाळेला सुट्टी, म्हणून भार्गवीला पावकी, म्हणजे पाव-पावचे पाढे, शिकवायला बसवलं, तर हे चष्मा पुसत म्हणतात, "भार्गवी, जगात अशीही माणसं आहेत बरं का, ज्यांच्या भाषेत आकडेच नाहीत. थोडं आणि पुष्कळ, बस." पोरगी माझ्यापुढून उठली. "नो नंबर्स? दॅट्स ग्रँड, आजोबा." आणि थेट त्यांच्या सोफ्यावर. जन्मभर मी मोजलं, आणि कौतुक कुणाचं, तर न मोजणाऱ्यांचं. ते प्रोफेसर, मी मापाडी.

मग तिनं खेळच काढला. आज घरात आकडा बंद, जो बोलेल त्यानं तिला पाठीवर घेऊन बागेला फेरी मारायची. नंदकुमार हुशार. साखर किती? "थोडी." किती वाजले? "जेवायची वेळ झाली." मीही ओठ आवळून गप्प. पण दुपारी अस्मिता म्हणाली, "बाबा, तेवढे तांदूळ डब्यात भरा ना." मी वाटी घेतली, पोरगी टपून बसली, आणि पहिली वाटी ओतून मी म्हटलं, "लाभ." आमच्या धंद्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, धान्याला बरकत येते; आकडा न घेता त्यांना तेवढं समजावलं. नंदकुमारांचा चष्मा कपाळावर. "वा गुरुनाथराव, हे मला माहीत नव्हतं." छाती अशी फुगली म्हणून सांगू... आणि त्या फुगलेल्या छातीनं पुढची वाटी ओतली, अन् तोंडातून, जन्माची सवय, "दोन."

"गॉट यू, आबा!"

ते प्रोफेसर, मी मापाडी. गुडघे धरून वाकलो, ती चढली, गळा आवळला, बागेत हा चिखल. नंदकुमार चहा घेऊन खिडकीत, दिवसभर आकडा न बोललेला माणूस. एकाएकी चहा ठेवून, खिडकी उघडून, स्वतःची पाठ वाकवून म्हणतात काय, "भार्गवी, तीन... ऐकलंस का गं, चार." पोरगी वळूनसुद्धा बघेना. माझ्या कानात म्हणते, "फास्टर, आबा."

कंबर जागेवर राहिली नाही. पण फेरी पुरी केली.