भेंडीची टोकं

आई : ही बघ, टोक कसं कटकन मोडलं. ही कोवळी. ती तिकडची लांबलचक नुसते दोर आहेत, शिजवली तरी चघळत बसाल दोघं.

मुलगा : मग हीच घे.

आई : ती बाई ओरडणार नाही ना? मागच्या शनिवारी काय अंगावर आली होती. तिची भाषा मला कळत नाही, पण डोळे कळतात.

मुलगा : नाही ओरडणार. बोललोय मी तिच्याशी.

आई : आणि तू? त्या दिवशी तूच हात धरून मागे ओढलंस मला. म्हणे, आई, इथे मालाला हात लावायचा नसतो, आपल्याकडची सवय सोड आता. तेही सुनेसमोर. घरी पोचेपर्यंत मी तोंड उघडलं नव्हतं.

मुलगा : चुकलंच माझं.

आई : आज फार लवकर चुकलं तुझं. एरवी अर्धा तास वाद घालतोस.

मुलगा : अजून काही हवंय का? कारली आहेत बघ.

आई : दिसतायत. पण तुमच्या घरात खातंय कोण?

मुलगा : मी खाईन.

आई : तू? कढईत कारलं पडलं की नाक धरून गच्चीवर पळायचास. आपल्या घरात कारलं खाणारा एकच माणूस, आणि तो बसलाय तिकडे ताठ मानेने.

मुलगा : आई, बाबा...

आई : काल सांगितलं ना, नाव काढू नकोस म्हणून. मी निघाले तर म्हणतात कसे, जातेस तर मुलाकडेच राहा कायमची. बरं, म्हटलं, राहते. आता त्यांचा फोन येईपर्यंत मी करायची नाही. इतकी वर्षं प्रत्येक वेळी मीच पडतं घेतलं.

मुलगा : पिशवी दे इकडे. जड झाली असेल.

आई : असू दे. तू आज कामावर का नाही गेलास?

मुलगा : सुट्टी घेतली.

आई : शनिवारी अर्धा दिवससुद्धा चुकवत नाहीस तू. आणि सूनबाई सकाळपासून माझं कपाट आवरतेय. विचारलं तर म्हणते, सहज. सहज कोणी माझ्या साड्या बॅगेत भरतं का?

मुलगा : चल, तिथे बाकावर बसू जरा.

आई : थांब. ही बाई मला पिशवी दोन्ही हातांनी का देतेय? हात दाबला तिने माझा. काय सांगितलंस तू हिला?

मुलगा : आई, बस ना.

आई : बसत नाही. उभ्यानेच सांग. कधी?

मुलगा : पहाटे.

आई : छातीतच?

मुलगा : हो. आत्या आली होती धावत. डॉक्टर घरी आले, दवाखान्याची गाडीही बोलावली होती. गाडी यायच्या आतच... संध्याकाळचं विमान मिळालंय आपल्याला. तोवर सगळं थांबवून ठेवते म्हणालीय आत्या.

आई : म्हणजे या भाजीवालीला माझ्याआधी कळलं.

मुलगा : ती तुला हटकेल म्हणून सांगितलं. आज कोणी तुला हटकू नये असं वाटलं. घरात सांगायला जीभ उचलेना, म्हणून इथे घेऊन आलो. इथेही उचलेना.

आई : तुझं बोलणं झालं त्यांच्याशी?

मुलगा : आत्याने फोन त्यांच्या कानाला लावला होता.

आई : शुद्धीत होते?

मुलगा : होते.

आई : आणि मी भिंतीपलीकडे झोपले होते. उठवलं नाहीस मला.

मुलगा : दारापर्यंत आलो होतो. वाटलं, तू फोन घेणार नाहीस. नको म्हणालीस आणि ते त्यांच्या कानावर पडलं तर?

(आई पिशवी खाली ठेवते आणि बाकावर बसते.)

आई : घेतला नसता मी, असं वाटलं तुला.

मुलगा : हो.

आई : मलाही नाही सांगता येत आता, घेतला असता की नाही ते. आता कधीच कळायचं नाही. तेवढं तरी कळू द्यायचं होतंस रे मला.

मुलगा : आई, मला माफ...

आई : ते नंतर. तू काय बोललास त्यांच्याशी?

मुलगा : खोटं बोललो. म्हटलं, आई निघालीय तिकडे यायला, पोचेलच.

आई : पटलं त्यांना?

मुलगा : पटलं असावं. आत्याला म्हणाले, दाराची कडी काढून ठेव, तिला बाहेर ताटकळायला नको.