न सांगता आलेला हात

जबाब
दिनांक २७ नोव्हेंबर १९९९

मी, सविता यादव आहेर, वय ३८ वर्षे, शिक्षण बारावी, व्यवसाय घरोघर जाऊन वस्तू दाखवणे व विकणे, राहणार इंदिरानगर, नाशिक, मूळ राहणार तालुका कळवण, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी पती व दोन मुलींसह राहते. पती सातपूर येथे कारखान्यात कामाला आहेत. धाकटी मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी विक्रीचे काम धरले. आधी मिक्सर, मग पाण्याचे फिल्टर, मग शिलाई मशीन असे मी दारोदार दाखवले आहे. दारोदार हा शब्द मी स्वतः सांगितला आहे, तो बदलू नये. माझ्या फिरतीच्या भागात मी कोणाकडे पुन्हा गेले आणि दार उघडले नाही, असे झालेले नाही.

गेल्या पावसाळ्यापासून मी अमित नावाच्या इंजिनिअरच्या कॉम्प्युटर दुकानासाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी हेडसेट विकते. ही डोक्यावर घालायची वस्तू आहे. बायका तिला हेल्मेट म्हणतात. तिच्यात डोळ्यांपुढे दोन लहान पडदे आणि कानांवर स्पीकर असतात. वायर कॉम्प्युटरला जोडली की घालणाऱ्याला आपण चित्राच्या आत उभे आहोत असे वाटते. मान वळवली की चित्रही वळते. बाहेरचे काही दिसत नाही व फारसे ऐकूही येत नाही. आत जे दिसते तेच बाकीच्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसते.

काही वर्षांत हे टीव्हीसारखे घरोघर होईल असे अमितभाऊंचे म्हणणे आहे. परंतु लोक दुकानात येत, बघत, हसत आणि निघून जात. अनोळखी लोक ज्या बाईला सरळ स्वयंपाकघरापर्यंत नेतात तिनेच हे घराघरात न्यावे, असे म्हणून त्यांनी मला विचारले. मी आधी स्वतः घालून पाहिले. मला मळमळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले. समुद्राच्या तळाचे चित्र शेवटपर्यंत बघून झाल्यावर मी हो म्हणाले. तेव्हापासून गंगापूर रोडचे एक डॉक्टर, पिंपळगावचे एक द्राक्ष बागायतदार व इतर काही जणांनी माझ्याकडून हेडसेट घेतले आहेत. नाशिकला हे कोण विकते आहे, असा मुंबईच्या वितरकांचा दुकानात फोन आला होता. अमितभाऊंनी फोन माझ्या हातात दिला होता.

आज शनिवारी दुपारी सावित्रीबाई देवरे यांच्या राहत्या घरी बायकांची भिशी होती. त्यांचा मुलगा हर्षल ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला असून घरात कॉम्प्युटर आहे. हर्षल यांच्या पत्नी सायली, वय सुमारे २४, यांनी हेडसेट दुकानात पाहिला होता व भिशीच्या बायकांना दाखवण्यासाठी मला बोलावले होते. घरात त्या वेळी भिशीच्या बायका, सावित्रीबाई, सायली व सावित्रीबाईंचे जावई दिनेश बोरसे हे हजर होते. दिनेश हे दोन दिवसांपासून मुक्कामाला आहेत असे बोलण्यातून समजले. त्यांच्या पत्नी सोबत नव्हत्या.

मी वायर जोडून दाखवायला सुरुवात केली. पहिल्यांदा कोणी पुढे येईना. एक बाई म्हणाल्या, केस विस्कटतील. एक म्हणाल्या, टिकली पुसेल. हे घालून गाडी चालवायची का, असे सावित्रीबाईंनी विचारले, त्यावर सगळ्या हसल्या. मीही हसले. मग सायली खुर्चीत येऊन बसल्या. मी त्यांना हेडसेट घातला व कॉम्प्युटरपाशी जाऊन समुद्राचे चित्र लावले. वायर खुर्चीत अडकू नये म्हणून दिनेश यांनी आपण होऊन ती धरली व ते खुर्चीच्या मागे उभे राहिले.

सायली यांनी मान वर केली आणि पाणी किती वर आहे म्हणून सांगू लागल्या. मासा जवळून गेला तेव्हा त्यांनी तो धरायला हात पुढे केला. सगळ्या बायका पडद्याकडे बघून हसत होत्या व आता डावीकडे बघ, आता खाली बघ, असे त्यांना सांगत होत्या. सायली यांच्याकडे कोणीच बघत नव्हते. मीही पडद्याकडेच बघत होते. माझे हात कीबोर्डवर होते.

हेडसेट काढल्यावर सायली यांचा चेहरा लाल झाला होता व त्या फार खूश होत्या. त्यांनी पदर नीट करायला गळ्याशी हात नेला तेव्हा त्यांची सोन्याची चेन गळ्यात नव्हती. ती त्यांच्या माहेरची होती. मंगळसूत्र जागेवर होते. खुर्ची, सतरंजी, कॉटखाली सगळीकडे पाहिले. हेडसेटचा स्पंज मी स्वतः काढून दाखवला. चेन मिळाली नाही.

तेव्हा भिशीतली एक बाई म्हणाली की विकायला येणाऱ्या बायकांना घरात घेताना बघून घ्यावे. तिचे नाव मला माहीत आहे, परंतु ते लिहू नये. सावित्रीबाईंनी माझ्याकडे पिशवी मागितली. मी दिली नाही. मी म्हणाले, "काकू, पिशवी उघडेन, पण पोलिसांपुढे. तुम्ही फोन करा, नाहीतर मी करते." दिनेश म्हणाले की कशाला पोलीस, बाईमाणूस आहे, जाऊ द्या तिला. मी म्हणाले की मी जाणार नाही. त्याच खुर्चीत मी बसून राहिले. भिशीच्या बायका एकेक करून निघून गेल्या. माझ्यापुढे ठेवलेला चहाचा कप सावित्रीबाईंनी उचलून आत नेला. तो भरलेला होता.

फोन केल्यावर एक हवालदार व एक महिला शिपाई आले. महिला शिपायांनी मला आतल्या खोलीत नेऊन माझी झडती घेतली. त्यांनी आपले काम नीट केले, माझी त्याबद्दल तक्रार नाही. मग दोन शेजाऱ्यांसमक्ष माझी पिशवी उघडली. तिच्यात हेडसेट पुसायचे फडके, पाण्याची बाटली, कंगवा व माझा डबा होता. डब्यातली भाकरी मोडून पाहिली. काही मिळून आले नाही. तरीही, हिने आधीच कोणाच्या तरी हाती दिली असेल, असे सावित्रीबाई म्हणाल्या.

सायली तोपर्यंत भिंतीला टेकून उभ्या होत्या. महिला शिपायांनी त्यांना विचारले की हेल्मेट घातलेले असताना गळ्याशी कोणाचा हात लागला का. पुन्हा विचारल्यावर सायली मान खाली घालूनच म्हणाल्या, "मागून मानेवर हात आला होता. मला वाटलं, पट्टा नीट करताहेत."

सावित्रीबाई म्हणाल्या की बघा, हिचाच हात होता.

तेव्हा सायली यांनी मान वर केली. त्या जे बोलल्या ते मी जसेच्या तसे सांगते. त्या म्हणाल्या, "नाही आई. सविताताई हात लावायच्या आधी सांगतात. ताई, पट्टा ओढते. ताई, कानाशी हात येतोय. घालताना सांगितलं, काढतानाही सांगितलं. मधे जो हात आला तो काही बोलला नाही. तो यांचा हात नव्हता."

महिला शिपायांनी विचारले की तुमच्या मागे कोण होते. सायली यांचा आवाज फार हळू झाला होता, परंतु सर्वांना ऐकू गेला. त्या म्हणाल्या, "भाऊजी वायर धरून उभे होते."

जावयाचे नाव सुनेने घेतले, तेव्हा त्या खोलीत काय झाले हे मला नीट सांगता येणार नाही. सावित्रीबाई कॉटवरून उठल्या. मला वाटले त्या सायलीकडे जातील. त्या दिनेश यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. म्हणाल्या, "जावईबापू, द्या." दिनेश यांनी खिशातून चेन काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांची काय अडचण होती ते मला माहीत नाही. मी विचारले नाही.

सावित्रीबाई चेन घेऊन सायलीकडे आल्या व स्वतः तिच्या गळ्यात घालू लागल्या. हुक बारीक असल्याने लागेना. सायली म्हणाल्या, "राहू द्या आई, मी घालते." परंतु सावित्रीबाईंनी सोडले नाही. हुक लागेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

हात लावण्याआधी सांगण्याची सवय कशी, असे विचारल्यावरून सांगते की, माझी आई भागीबाई हिला शेवटची काही वर्षे दिसत नव्हते. तिला मी माझ्याकडे आणले होते. कोणी न बोलता हात लावला की ती दचकायची. वेणी घालायची असली तरी, आई, केसाला हात लावते, असे आधी सांगावे लागे. दुकानात मला हे कोणी शिकवलेले नाही. हेडसेट घातलेला माणूस तेवढ्या वेळापुरता आंधळाच असतो, म्हणून मी सांगते. आजपर्यंत कोणाच्या हे लक्षात आल्याचे मला माहीत नव्हते. सायलीच्या आले.

हे यंत्र म्हणजे लोकांची फसवणूक तर नाही ना, आणि सामान्य लोक ते घेतील का, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, फसवणूक नाही. मी दाखवते तेच विकते, आणि मळमळते हेही आधी सांगते. आज ते जड आहे, चित्र खडबडीत आहे आणि घरात कॉम्प्युटर लागतो. हे सगळे पुढे सुधारेल असे अमितभाऊ म्हणतात व मला ते पटते. परंतु मी जे घरोघर पाहिले ते वेगळे आहे. घरात एकटी असलेली बाई ते घालत नाही, कारण दाराची बेल ऐकू येणार नाही, गॅसवर दूध आहे. चार माणसांत घालायचे तर आपल्याला काही दिसत नाही आणि सगळे आपल्याला बघतात. टीव्ही सगळे मिळून बघतात. हे ज्याचे त्याने बघायचे, आणि बाकीच्यांच्या भरवशावर बघायचे. ज्या घरात माणूस बिनधास्त डोळे झाकून बसू शकतो तिथे ते खपते. डॉक्टरांच्या घरी त्यांच्या वडिलांनी घातले, तेव्हा त्यांच्या सूनबाई पूर्ण वेळ त्यांचा हात धरून बसल्या होत्या. त्यांनी लगेच घेतले. सायलीही आज तशीच बिनधास्त डोळे झाकून बसली होती. म्हणून घरोघर होईल की नाही याचे उत्तर मला अमितभाऊंइतके खात्रीने देता येत नाही. माझ्या हातून खपेल एवढे मी सांगू शकते.

सायंकाळी हर्षल ओझरहून कंपनीच्या बसने घरी आले. त्यांना सर्व हकीकत त्यांच्या आईने सांगितली. काही कमी करून सांगितली नाही, हे मी ऐकले आहे. हर्षल यांनी पत्नीला विचारले की तू एवढ्या लोकांत बोललीस का. सायली हो म्हणाल्या. हर्षल यांनी बूट काढले, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि आधी मला व मग सायली यांना पाणी दिले. दिनेश तोपर्यंत बॅग घेऊन निघून गेले होते.

चेन मिळाली आहे व घरच्यांची कोणाविरुद्ध तक्रार नाही, त्यामुळे माझ्या जबाबाची आवश्यकता नाही, असे साहेबांनी मला समजावून सांगितले. दिनेश यांच्याबद्दल काय करायचे ते त्या घराने ठरवावे. सावित्रीबाईंविरुद्धही माझी तक्रार नाही. मी निघताना त्यांनी माझा हात धरला होता. परंतु माझ्या पिशवीचा पंचनामा झालेला आहे, तो कागदावर आहे. मग शेवटी काय निघाले तेही कागदावर यायला पाहिजे, म्हणून मी स्वतः इथे आले. उद्या मला ओझरच्या कॉलनीत हेडसेट दाखवायचा आहे. मी जाणार आहे. हवालदारांनी तपासणीसाठी घेतलेला हेडसेट मला आज परत मिळावा.

दुसरे कारण असे की, सायलीने माझ्यासाठी, म्हणजे आज पहिल्यांदाच घरी आलेल्या बाईसाठी, सासरच्या जावयाविरुद्ध खरे सांगितले. ती गप्प बसली असती तर तिला कोणी काही म्हटले नसते. तिला कोणी शिकवले नाही, मी तिच्याकडे बघितलेही नव्हते. काही दिवसांनी घरात किंवा नातेवाइकांत या गोष्टीला दुसरे वळण लागले, हिच्यामुळे झाले असे कोणी म्हणू लागले, तर काय घडले ते इथे लिहिलेले असावे. म्हणून तिचे पूर्ण नाव या जबाबात घालावे. सायली हर्षल देवरे. माझ्या दोन मुली आहेत. त्यांना मी आज घरी गेल्यावर ही हकीकत सांगणार आहे, आणि त्यात हेच नाव सगळ्यात आधी सांगणार आहे.

सायली पतीसह जबाब देण्यासाठी आली असून बाहेर बाकावर बसली आहे.

माझा वरील जबाब मी सांगितला तसाच लिहिला असून तो मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. वाचताना बाहेर बाकापर्यंत ऐकू जावे म्हणून दार उघडे ठेवण्याची मी विनंती केली व साहेबांनी ते उघडे ठेवले. जबाब बरोबर आहे.

समक्ष,
सही
सविता यादव आहेर