टाकीचं बूच आणि एक विनंती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख आणि या दरीतले सर्वांत चोख सुतार क्राएंग दामासुस. व्यासपीठावर बसलेले फादर एमिलियुस. ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो त्या आपल्या दवाखान्याच्या सुईणबाई इबू रोविना. आणि चटयांवर दाटीवाटीनं बसलेल्या आयाबहिणींनो, भावांनो,

आधी खुशाली विचारतो. ती न विचारता बोलायला लागलेला माणूस पोलिसासारखा वाटतो. क्राएंग, गुडघा कसा आहे? मान हलवलीत, म्हणजे दुखतोय. फादर, खोकला? परवाच्या प्रार्थनेत तुमच्यापेक्षा तोच जास्त ऐकू आला. एंदे यासिंता, दाढ काढलीत की नाही? नाही? मग तुमच्या वाट्याचं डुकराचं मटण इकडे पाठवा, माझे दात शाबूत आहेत. इबू रोविना, पाठीचं कसं काय? त्या खडबडीत रस्त्यांनी तुमच्या पाठीचं काय केलंय ते मला ठाऊक आहे.

बाहेर छपराखाली उभी असलेली इबूंची मोटारसायकल, तिची खुशाली मात्र मी विचारणार नाही. तिची तब्येत विचारता विचारता माझीच बिघडली.

इबूंच्या गुणांबद्दल फादर बोलले, शाळेच्या बाई बोलल्या. एवढ्या वर्षांत या डोंगरातली किती पोरं त्यांच्या हातात पहिल्यांदा रडली, ते पोरांच्या आयांनाच विचारा. मी काय सांगणार? मी त्यांच्या गाडीचा माणूस. शिकलेला मेकॅनिकही नव्हे. भातगिरणीचं इंजिन उघडता-जोडता जे हाताला लागलं तेवढंच. तरी गाडी बिघडली की इबू माझ्याच अंगणात यायच्या. ‘एमा बोनिफास, हिला बघा जरा.’ एंदे म्हणजे आई, तसा एमा म्हणजे बाप. बाप म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

तर यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीपासून गाडीनं एक नवाच आजार काढला. किक मारली की सुरू. अंगणात गोल फिरवा, गुणी मुलीसारखी फिरते. चढाला लागून थोडं अंतर गेलं की खोकते, आचके देते आणि बंद. चोक ओढला की चार पावलं जाते, पुन्हा बंद. मी प्लग काढून बघितला. कोरडा, पांढराफटक. म्हणजे इंजिन उपाशी. पेट्रोल पोहोचत नाही.

झालं! चटई अंथरली, कार्बोरेटर खोलला. खालची वाटी धुतली. जेटमधून फुंकर मारली, केरसुणीची काडी घातली, उजेडाकडे धरून बघितलं तर भोक स्वच्छ. फ्लोट हलवून बघितला, बुडत नव्हता. सुई झिजलेली नव्हती. पेट्रोलची नळी काढली, कॉक उघडला, तर पेट्रोल कसं धो धो! सगळं जोडलं. इबू गेल्या. आणि नदीपलीकडच्या चढावरून गाडी ढकलत परत आल्या.

असं एकदा नाही झालं हो. पावसाळाभर हेच. मी उघडतोय, धुतोय, जोडतोय. माझी बायको म्हणायला लागली, ‘एवढं घासलंय, आता त्यात कॉफी उकळू का?’ शेजारची पोरं वाटेवर मला बघून गाडीचा खोकला काढून दाखवायची. मी वैतागलो होतो, अक्षरशः डोकं आपटायचं बाकी होतं. घरी ठणठणीत आणि रस्त्यावर आजारी, असला रोगी कुठल्या वैद्यानं पाहिलाय?

मग माझा संशय पेट्रोलवर गेला. एंदे यासिंता, तुमच्या टपरीवरच्या बाटल्यांवर. मी येऊन म्हटलं, ‘यात पाणी आहे.’ आठवतंय? तुम्ही उत्तर दिलंत, ‘पाणी तुझ्या डोक्यात आहे, बोनिफास.’ आणि एक बाटली माझ्या समोर ठेवलीत. म्हणालात, ‘घरी ने, हलवू नकोस, उद्या बघ. तळाला पाण्याची रेघ दिसली तर टपरी बंद करते.’ रेघ नव्हती. त्या दिवशी मी मान खाली घालून गेलो. आज सगळ्यांसमोर सांगतो, तुमचं पेट्रोल चांगलं.

आता अध्यक्षमहाराज, तुमच्याकडे वळतो. घाबरू नका, कौतुकच करतोय.

टाकीचं मूळ झाकण यंदाच्या पावसाळ्याच्या तोंडावर दरीत पडलं, हे सर्वांना माहीत आहे. रस्त्याच्या कडेला पेट्रोल भरताना इबूंनी ते सीटवर ठेवलं आणि ते घरंगळत गेलं. बाजारात तसं मिळेना. तेव्हा क्राएंग दामासुस यांनी लाकडाचं बूच करून दिलं. साधं बूच नव्हे. नातवाच्या पाळण्यातून उरलेल्या लाकडाचं. तो नातू उलटा येत होता आणि इबूंनी त्याला हातानं वळवून जगात आणलं, त्या उपकाराची आठवण म्हणून. वर रेड्याची शिंगं कोरलेली, कडेला ट्यूबच्या रबराची पट्टी. फादरांनी त्यावर पवित्र जल शिंपडलं. उलटं धरा, थेंब सांडणार नाही! दर रविवारी प्रार्थना सुटली की क्राएंग गाडीपाशी येऊन बुचाला थोपटून विचारायचे, ‘गळतं का?’ इबू म्हणायच्या, ‘थेंबही नाही, क्राएंग.’

खरं होतं ते. थेंबही बाहेर येत नव्हता. आणि…

थांबा, पाणी पितो.

एकदा वरच्या वाडीतल्या कॉर्नेलियाला कळा सुरू झाल्या. मी इबूंना म्हटलं, ‘आज मी मागे बसतो. ही गाडी कुठे मरते ते मला डोळ्यांनी बघायचंय.’ चढावर, नेहमीच्या जागी, मेली. मी उतरून वाटीचा स्क्रू सैल केला. वाटी कोरडी! इबू पिशवी खांद्याला लावून म्हणाल्या, ‘एमा, मी चालत निघते, बाळ तुमच्या कार्बोरेटरसाठी थांबणार नाही.’ मी चिडून म्हटलं, ‘जरा थांबा, टाकीत पेट्रोल आहे का ते तरी बघू दे,’ आणि बूच उपटलं.

आतून आवाज आला. सुर्रर्र. लांबलचक, आत ओढल्यासारखा.

इबू जागच्या जागी थांबल्या. त्यांनी असे आवाज आयुष्यभर ऐकलेत. म्हणाल्या, ‘एमा, हिला श्वास घेता येत नव्हता.’

बघा म्हणजे! पेट्रोल खाली उतरायचं तर त्याच्या जागी वरून वारा आत जायला हवा. वारा जायला जागाच नाही. थोडं पेट्रोल उतरतं, मग टाकी आतून ओढून धरते. आणि मी शहाणा दर वेळी तपासणीच्या सुरुवातीला काय करत होतो? पेट्रोल किती आहे बघायला बूच काढत होतो! रोग्याचं तोंड उघडून मग विचारायचं, श्वास येतो का. एक किक मारली, गाडी सुरू. कॉर्नेलियाचं बाळ आम्ही पोहोचल्यानंतर आलं. देवाची कृपा.

मी लगेच म्हटलं, बुचाला तापलेल्या खिळ्यानं बारीक भोक पाडतो. इबूंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. ‘नाही हं एमा. क्राएंगना काय वाटेल? त्यांच्या नातवाच्या पाळण्याचं लाकूड आहे.’ तेव्हापासून त्या बूच अर्धवट सैल ठेवून गाडी चालवतात. चढावर पेट्रोल हिंदकळतं, त्यांच्या परकरावर सांडतं, खाली तापलेलं इंजिन. गुडघ्यावरची कातडी सोलून निघाली आहे. इबू, परकर ओढून घेऊ नका, सगळ्यांना आता कळलंय. आणि रविवारी विचारलं की उत्तर तेच, ‘थेंबही नाही, क्राएंग.’

उद्या इबू खिंडीपलीकडच्या दवाखान्यात बदलून चालल्या. तिथला चढ आपल्या चढाचा बाप आहे. पेट्रोलनं भिजलेल्या परकरात मी त्यांना त्या घाटात पाठवू? मला झोप लागेल?

म्हणून क्राएंग दामासुस, रीतीप्रमाणे ही ताडीची बाटली तुमच्यासमोर ठेवतो, उभा राहून मागतो. बाटलीशेजारी हे बूच, आणि ही तुमचीच भोक पाडायची बारीक सामती. तुमच्या सुनेकडून सकाळी मागून आणली. तुम्ही घोट घेतलात तर होकार. बाटली परत सरकवलीत तर मी गुपचूप खाली बसेन आणि पुन्हा कधी तुमच्या कामाला हात लावणार नाही. एकच भोक हवंय, सुईच्या जाडीचं. शिंगांच्या मधोमध असेल तर दिसणारही नाही.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं… मागच्यांना ऐकू आलं नाही. क्राएंग म्हणतात, ‘गाढवा, इतके दिवस ती पोरगी भाजत होती आणि तू आज भाषण करतोस?’

बरोबर आहे. टाळ्या नकोत, हे माझ्या वाट्याचं आहे. घोट घेतला त्यांनी. बाटली अर्धी केली! आणि सामती माझ्या हातात देत नाहीत, स्वतःच बूच गुडघ्यात धरून बसलेत. दुखऱ्या गुडघ्यात. इबू, डोळे पुसा, त्यांना उजेड द्या, पुढे या जरा.

क्राएंग भोक पाडेपर्यंत मी आटोपतो. अध्यक्षांचे, फादरांचे, स्वयंपाकघरातल्या बायकांचे आणि टोमणे मारत का होईना पेट्रोल पुरवणाऱ्या एंदे यासिंतांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाच्या मानाला धक्का लागला असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या.

आणि इबू, खिंड ओलांडलीत की पत्र लवकर लिहा. मोठं नको. गाडी वाटेत थांबली की नाही, आणि परकर कोरडा राहिला की नाही, एवढंच. पत्र माझ्या नावानं नको, क्राएंगांच्या नावानं पाठवा. रविवारी प्रार्थना सुटल्यावर त्यांना ‘गळतं का?’ हे कुणाला तरी विचारावं लागणारच.